वजनाचा आकडा आईबापांना सांगा, वर्गाला नको!

पालकहो, शिक्षकहो,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, मुलांची उंची, वजन, दात, डोळे तपासते. तपासणी हवीच. तिचा निकाल ज्या रीतीने सांगितला जातो, ती रीत आम्हाला मान्य नाही.

पोरे रांगेत उभी असतात आणि काट्यावरचा आकडा सगळ्यांदेखत ओरडून सांगितला जातो. मधल्या सुट्टीपर्यंत एकीची ‘ढोली’ होते, दुसऱ्याचा ‘हडकुळ्या’. आणि त्या पोरांना जेवू घालणाऱ्या आईबापांना काय कळते? प्रगतिपुस्तकाच्या कोपऱ्यात ‘वजन 31 किलो’. बस्स. सात वर्षांच्या मुलाचे 31 किलो म्हणजे फार झाले. तेरा वर्षांच्या, 150 सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे 31 किलो म्हणजे काळजी करण्याइतके कमी. वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 5 ते 18 वर्षांच्या आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते 2015 सालीच दिले आहेत. मोठ्या माणसांचे कोष्टक लावून मुलांना जाड-बारीक ठरवणे बंद करा.

नुसती चिठ्ठी धाडूनही भागत नाही. कॅलिफोर्नियात 79 शाळांतल्या 28 हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. घरी अहवाल गेले, मुलांच्या वजनात फरक पडला नाही. उलट शाळेत वजन झालेली मुले स्वतःच्या वजनाबद्दल अधिक नाराज झाली. इंग्लंडमध्ये मुलांचे वजन आडोशाला करतात आणि एकाचा आकडा दुसऱ्या मुलाला किंवा शिक्षकांना सांगत नाहीत. एवढे तर आपल्याला एका पडद्यात जमेल!

महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 36 टक्के मुले कमी वजनाची आहेत, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने सांगितले. हीच मुले पुढे पहिलीत येतात. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला ‘पौष्टिक आहार द्या’ असे लिहून पाठवणे हा तिचा अपमान आहे. पोराला जंत आहेत का, रक्त कमी आहे का, हे कुठे तपासायचे, कोणत्या वारी जायचे, तिथे कोण भेटेल, हे तिला सांगा. वाचता येत नसेल तर बोलावून, बाजूला बसवून सांगा. वजन जास्त असलेल्या मुलाच्या घरीही तसेच शांतपणे बोला. त्याचा डबा वर्गात उघडून उपदेश करू नका. आणि वजनाची यादी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कदापि टाकू नका.

सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत शिक्षणहक्क कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात. म्हणजे ठराव आपल्या हातात आहे. पुढचे पथक येण्याआधी तो करून घ्या: वजन आडोशाला, निकाल बंद पाकिटात, पाकिटात पुढच्या तपासणीची जागा आणि वार. ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.