यकृताची रोहिणी फुटते तेव्हा

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील बॉयलरची ठराविक काळाने तपासणी व्हावी असा कायदा आहे. शरीरातील रोहिण्यांची अशी तपासणी कोणी करीत नाही. यकृताला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीची भिंत क्वचित दुबळी होऊन फुगते. यालाच रोहिणीविस्फार म्हणतात. अपघातात यकृताला मार बसला, तर काही दिवसांनीही असा फुगा तयार होऊ शकतो.

नळीच्या भिंतीवरील ताण हा दाब व त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. त्रिज्या दुप्पट झाली की त्याच दाबाला ताणही दुप्पट होतो. शिवाय भिंत पातळ होत जाते आणि एक दिवस फुटते.

रक्त पित्तनलिकेत उतरले, तर पोटात उजवीकडे वर दुखणे, कावीळ आणि रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच ही लक्षणे दिसतात. जर्मन वैद्य क्विंके यांनी १८७१ साली या त्रयीचे वर्णन केले. तिन्ही लक्षणे एकत्र मात्र थोड्याच रोग्यांत आढळतात. म्हणून पोटाला पूर्वी मार लागला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडून सी.टी. स्कॅन काढला की फुगा दिसतो. मग मांडीच्या सांध्याजवळील रोहिणीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेतात आणि धातूची वेटोळी सोडून गळती बंद करतात. अशी नळी घालण्याची सोपी रीत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. रोहिणी बंद करूनही यकृत बहुधा जगते, कारण त्याला सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून मिळते. ती नीला खुली आहे ना, हे आधी पाहावे लागते.

म्हणजे उपाय आहे. प्रश्न वेळेचा आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. बोईसरहून मुंबई सुमारे १०० किलोमीटर. माझे मत असे, की जिल्ह्यात नुसते यंत्र असून भागत नाही. रात्री दोन वाजता ते कोण चालविणार, चित्र कोण वाचणार, रक्त कोठून येणार आणि नळी घालणारा तज्ज्ञ कोठे भेटणार, हे आधीच ठरलेले हवे. ते ठरले आहे का, हे शिक्षकांनी व पालकांनी विचारावे. आणि मित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण होताच तुम्ही रक्तदानाला सुरुवात करावी.