आडरस्त्याची सायकल आणि विहारधामाची जागा



कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास उठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याखालची सायकल पुसून बाहेर काढली. समोरच्या भाभी गॅलरीतून म्हणाल्या, "काकीजी, महासतीजींचा विहार सुरू झाला आणि लगेच तुमचाही?" त्यांनी चेष्टा केली, पण वर्षभराचा हिशोब पाहिला तर खरंच तसंच आहे. चार महिने साधू-साध्वी एका जागी असतात, तेव्हा माझीही सायकल बंद असते. ओल्या रस्त्यावर मृगाचे किडे, गोगलगायी, पैसे, काय काय चालत असतं. तिथून चाक न्यायला मला जमत नाही. कार्तिकी पौर्णिमा ते होळी हे माझे सायकलचे दिवस. पुढे ऊन सोसत नाही.

एकसष्टाव्या वर्षी मी परत सायकलवर बसले. बी.कॉम. करताना रोज सायकलनेच कॉलेजला जायचे. लग्न झालं आणि सायकल सुटली. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं, सुटली एवढंच. नातू पुण्याला शिकायला गेला, त्याची गिअरची सायकल धूळ खात होती. सून म्हणाली, "मम्मी, भंगारात देण्यापेक्षा तुम्हीच चालवा." आमचे हे काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी स्वतः जाऊन चाकांत हवा भरून आणली, त्यातच समजून घेतलं.

आज लिहायचं आहे ते रस्त्याबद्दल. आपल्या येवल्यातून सायकल बाहेर काढली की पहिला प्रश्न येतो मनमाड-नगर हायवेचा. पानेवाडीचे तेलाचे टँकर, शिर्डीच्या गाड्या, कांद्याचे ट्रॅक्टर. टँकर शेजारून गेला की हँडल आपोआप आत ओढलं जातं. पहिल्या महिन्यात मी दोनदा घाबरून उतरले आणि घरी परत आले. तिसऱ्यांदा एका दूधवाल्यानं विचारलं, "मावशी, हायवेनं कशाला मरता? आतनं जा की." तेव्हापासून मी आतनं जाते.

हे आतले रस्ते म्हणजे काय ते समजून घेण्यासारखं आहे. सरकारी भाषेत राष्ट्रीय महामार्ग, मग राज्यमार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. शेवटचे दोन्ही जिल्हा परिषदेकडे असतात. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, मग मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली, आणि जिथे बैलगाडीची चाकोरी होती तिथे डांबर पडलं. हा रस्ता एका गावाला पोचवण्यासाठी केलेला असतो. त्या गावात ज्याचं काम आहे तोच त्यावरून जातो. म्हणून तिथे गर्दी नाही. खड्डे आहेत, पण खड्ड्याला हॉर्न नसतो.

अंकाईला मी अशीच जाते. हायवेनं वीसेक किलोमीटर, आतनं पाच-सहा जास्त. मी दिशापरिमाण व्रतात सायकलसाठी घरापासून तीस किलोमीटरची मर्यादा घेतली आहे, त्यात हे बसतं. सूर्योदयाला निघायचं. डिसेंबरात म्हणजे सातच्या सुमारास. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटं रस्त्यातच होतात, मग एखाद्या बाभळीखाली थांबून उकळून गार केलेलं पाणी प्यायचं. दोन्ही बाजूंना मका काढून झालेली रानं आणि कांद्याची लागण. गंमत बघा, जो कांदा आपण उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, त्याचाच वास अख्खा रस्ताभर सोबतीला! लागण करणाऱ्या बायका हात वर करून विचारतात, "कुठं निघाल्या मावशी?" मी म्हणते, अंकाईला. त्या हसतात. परतताना पुन्हा विचारतात, "आल्या का जाऊन?"

चढ हळूहळू लागतो, गिअर बदलताना कळतं. मग समोर अंकाई-टंकाईची जोडी उभी राहते. सातमाळ डोंगररांगेतले हे जुळे किल्ले, आणि पलीकडे अंगठ्यासारखा सुळका, हडबीची शेंडी. शेवटच्या चढाला मी उतरून सायकल ढकलते. त्यात कमीपणा काही नाही.

टंकाईच्या पायथ्याला जैन लेणी आहेत, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिलं आहे? अकराव्या-बाराव्या शतकातली, डोंगर कोरून काढलेली. एका लेण्यात एकीकडे इंद्र, दुसरीकडे अंबिका, आत तीर्थंकरांच्या मूर्ती. खांबांवरचं कोरीव काम पाहत राहावं असं आहे. लेणी दिगंबर परंपरेतली आहेत आणि आम्ही स्थानकवासी, मूर्तीपुढे बसायची आम्हाला सवय नाही. तरी त्या गार दगडावर एक सामायिक करून निघाले की पाय आपोआप हलके होतात. पालिताण्याला आणि सम्मेतशिखरला आपण बसा भरभरून जातो. घरापासून दीड-दोन तासांच्या सायकलीवर हे आहे, आणि मी स्वतः चाळीस वर्षं येवल्यात राहून ते पाहिलं नव्हतं. गाडीनं मनमाडला जाताना डोंगर शंभरदा दिसला असेल.

दुसरा रस्ता नगरसूल ओलांडून राजापूर-ममदापूरकडचा. तिकडे डोंगर बुटके, पण वनखात्याचं गवताळ रान आहे, काळवीटांसाठी राखलेलं, पन्नास चौरस किलोमीटरहून मोठं. मागच्या पौषात मी तिथे एका वळणावर थांबले होते. चेन उतरली होती, हात काळे झाले होते. मान वर केली तर पन्नास-साठ पावलांवर कळप. शिंगांना पीळ असलेला काळा नर पुढे, मागे तांबूस माद्या. त्यांनी पाहिलं, मी हलले नाही, मग ते चरत चरत गेले. जीवदयेवर मी आयुष्यभर व्याख्यानं ऐकली आहेत, पांजरापोळीला पैसे दिले आहेत. पण मोकळा जीव आपल्याला न घाबरता चरतो आहे, हे पाहणं वेगळंच.

आता तुमच्या शंका, ज्या मला फोनवर रोज ऐकायला मिळतात. एकटीनं आडरस्त्यानं जायची भीती वाटते. बरोबर आहे, पहिल्यांदा मलाही वाटली. कुत्री मागे लागतात, तेव्हा उतरून सायकल मध्ये धरून चालावं, मग ती कंटाळतात. माणसांची भीती म्हणाल, तर सकाळी सात ते अकरा या वेळेत रस्ता रिकामा नसतो. शाळेच्या मुली घोळक्यानं सायकलवर असतात, दूधवाले असतात, रानात बायका असतात. संध्याकाळी मी जात नाही, चौविहार असतो हेही एक. दुसरी शंका, गुडघ्यांची. त्यावर मी डॉक्टर नाही, आपापल्या डॉक्टरांना विचारा. तिसरी शंका, लोक काय म्हणतील. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते, त्यात बायका असतात. आपल्या जिल्ह्यात सायकल आता नवलाची राहिलेली नाही. लोक आठ दिवस म्हणाले, नववा दिवस आला तेव्हा कंटाळले.

माझं खरं म्हणणं पुढे आहे. गेल्या जानेवारीत, धुक्याच्या सकाळी, हायवेच्या थोड्याशा पट्ट्यावरून जाताना मला तीन महासतीजी विहारात भेटल्या. सोबत सेवेची दोन मुलं, अंगात चमकणारी जाकिटं. मी उतरून सायकल हातात घेऊन बरोबर चालू लागले. एक टँकर गेला आणि लहान महासतीजींचा ओघा वाऱ्यानं फडफडला, त्या तोल जाऊन माझ्या सायकलीवर टेकल्या. क्षणभरच. मग पुन्हा साडेतीन हात पुढची जमीन बघत चालू लागल्या. ईर्यासमिती पाळायची म्हणजे पावलापुढची मुंगी दिसली पाहिजे. पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला, टँकरच्या वाऱ्यात, मुंगी कशी दिसणार? विहारात वाहनाची धडक बसल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, गुणानुवाद सभा घेतो. पुढच्या वर्षी विहार पुन्हा त्याच रस्त्यानं.

मी त्यांना विचारलं, आतल्या रस्त्यानं का जात नाही? त्या म्हणाल्या, "श्राविकाजी, मुक्काम कुठे करणार?"

उत्तर एवढं सरळ होतं. विहारधामं आपणच हायवेला बांधली आहेत. तिथे जागा दिसते, गाडीनं जाता-येता दात्याचं नाव वाचता येतं, बांधकामाचं सामानही सोपं पोचतं. कॉस्टिंगच्या पेपरात आम्हाला शिकवायचे की ज्याचं बिल येत नाही तोही खर्च धरायचा असतो. तो खर्च इथे कोणाच्या पायांवर पडतो ते मी त्या सकाळी पाहिलं. आतला रस्ता पाच-सहा किलोमीटर लांब पडतो. मला सायकलवर ते अर्ध्या तासाचं काम, पण अनवाणी चालणाऱ्याला दीड तास. म्हणून तर मध्यावर दोन खोल्या हव्यात. गोचरीचं काय, असं विचाराल. आतल्या गावांत जैन घरं नाहीत, भाजीत कांदा-लसूण असतो. पण ज्वारी-बाजरीची भाकरी आणि ताक माळकऱ्यांच्या घरी सहज असतं, आणि ते त्यांनी स्वतःसाठीच केलेलं असतं. यापेक्षा निर्दोष गोचरी शहरात तरी कुठे मिळते?

फ्रान्समध्ये मिशलँ कंपनीचे रस्त्यांचे नकाशे मिळतात. त्यात ज्या रस्त्यावरून जाताना डोंगर-जंगल बघण्यासारखं असतं, त्याच्या कडेला हिरवी रेघ छापतात. तिकडचे सायकलवाले त्या नकाशावर हिरव्या कडेचे लहान रस्ते शोधून डोंगराडोंगरांतून फिरतात. पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं. मी म्हटलं, हे तर आपल्यालाही करता येईल. नातीच्या खोक्यातला हिरवा स्केचपेन घेतला आणि येवल्यापासून मी स्वतः चालवलेले रस्ते तालुक्याच्या नकाशावर रंगवले. सावली कुठे आहे, शाळा कुठे, पाण्याची टाकी कुठे, खडी उखडलेली कुठे, सगळं बारीक अक्षरात.

तो कागद मी महिला मंडळाच्या बैठकीत ठेवला. सगळ्यांना आवडला. एका दात्या घरच्या भाभींनी मात्र मनातलं विचारलं, "काकीजी, तिथे बांधलं तर बोर्ड वाचणार कोण?" मी म्हटलं, महासतीजी वाचतील, मी वाचेन, दूधवाला वाचेल. त्या हसल्या, हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

पण त्याच भाभी येत्या रविवारी रस्ता बघायला येणार आहेत. आम्ही चौघी आहोत, दोन सायकलवर आणि दोन स्कूटीवर. स्कूटीवाल्यांनी सायकलच्या मागे राहायचं, ही माझी अट. अजून कोणाला यायचं असेल तर शनिवारी रात्री आठच्या आत फोन करा. सूर्योदयाला स्थानकासमोर जमायचं. पाणी उकळलेलं आणा, आणि टायरची हवा आदल्या दिवशीच बघून ठेवा.