आपल्यामागे आपला पैसा कुणाचा?

मैत्रिणींनो, वारसाहक्कासाठी आपण मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या. पण आपल्यापैकी किती जणींनी स्वतःचं मृत्युपत्र केलंय? गेल्या वर्षापर्यंत मीही केलं नव्हतं.

आमच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात एक मावशी यायच्या. चार घरची धुणीभांडी करायच्या. विधवा, मूलबाळ नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर फार उशिरा कळला. एकदा म्हणाल्या, "ताई, माझ्यामागं बँकेतले पैसे केंद्राला घ्या. बायकांच्या तपासणीला होतील." मी म्हटलं, "मावशी, असं अभद्र बोलू नका." एम.एस.डब्ल्यू. झालेली मी! त्या गेल्या. पैसे गेले पुतण्यांकडे. आजारपणात त्यांच्यातला एकही फिरकला नव्हता.

यात बेकायदेशीर काहीच नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम १५ सांगतं: मृत्युपत्र नसेल, तर अशा बाईची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांना मिळते, तिचे आईबाप त्यानंतर. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरनं हाकललेल्या आणि माहेरी शिकून नोकरी केलेल्या एका बाईची पुंजी २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने नणंदेच्या मुलांना दिली.

"दानधर्म हे शेटजींचं काम, आपलं काम हक्काचं," असं काही जणी म्हणतील. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ मध्ये शेटजींच्याच देणगीतून उभं राहिलं, हे खरं. पण म्हणूनच विचारते, बाईच्या कष्टाच्या पैशावर बाईची इच्छा चालणं हा हक्क नाही का? देणगीदार संस्था आपल्या अटी घालतात. मावशींची अट एकच होती, बायकांची तपासणी.

मुलीला डावलून दान करा, असं मी मुळीच म्हणत नाही. मृत्युपत्राचं हत्यार आजवर मुलींचा हिस्सा कापायलाच फार वापरलं गेलं. तिचा वाटा ठेवा. थोडा आरोग्याच्या कामाला द्या.

साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. संस्थेचं नोंदणीकृत नाव पूर्ण लिहा. हयातीत केव्हाही बदलता येतं. मुस्लिम भगिनींना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंत देता येतं. ख्रिस्ती भगिनींवरचं धर्मादाय दानाचं जाचक बंधन २००३ मध्ये न्यायालयाने रद्द केलं.

एक पथ्य मात्र पाळू या: आजारी बाईच्या उशाशी बसून हा विषय काढायचा नाही. धडधाकट असताना, गटाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर बोलायचं. सुरुवात आपल्यापासून. मी केलंय. तुम्ही कधी करताय?