डोळ्यावरची चीर : पात्याची की लेझरची?

मालवण तालुक्यातल्या एका वाडीत आमचे नेहमीचे जाणे-येणे आहे. मागे पावसाळ्याच्या तोंडावर तिथल्या एका घरी गेलो होतो. घरची म्हातारी पासष्टी ओलांडलेली. उभी हयात चिऱ्याच्या खाणीवर आणि मासळीच्या टोपल्या वाहण्यात गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शाळेत भरलेल्या शिबिरात डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले त्याला वर्ष होऊन गेले होते, पण ऑपरेशन काही झाले नव्हते. आणि आता तिचा हातही प्लास्टरमध्ये होता. विहिरीची पायरी दिसली नाही म्हणून ती पडली होती.

आम्ही विचारले, "आजी, ऑपरेशन का केले नाही?"

म्हातारी म्हणाली, "माका सुरी नको बाबा. लेझरचे पैशे जमतले तेवा करूया."

मग सारी हकिकत कळली. मुंबईहून सुटीला आलेल्या एका नातेवाइकाने सांगितले होते की, हल्ली डोळ्याला पाते कोणी लावत नाही, सगळे लेझरने होते. मुलाने शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात चौकशी केली. तिथला आकडा ऐकून तो गप्प घरी आला आणि पैसे जमवू लागला. बायकोच्या गळ्यातले मोडायचीही त्याची तयारी होती. आईची आंधळी माया सगळ्यांना ठाऊक असते. इथे मुलाची माया होती. पण त्या मायेपायी वर्ष गेले आणि आईचा हात मोडला.

अशी घरे एक नाही, अनेक आहेत. म्हणून लेझर म्हणजे काय, ते डोळ्याला नेमके काय करते आणि आपल्याला ते कुठे लागते, कुठे लागत नाही, हे आज सांगायचे ठरवले आहे.

डोळ्याची काच

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखी एक स्वच्छ काच असते. डॉक्टर तिला कॉर्निया म्हणतात. मधोमध तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. प्रकाश आधी तिच्यातून आत शिरतो, मग आतल्या भिंगातून मागच्या पडद्यावर पडतो. मोतीबिंदू होतो तो या आतल्या भिंगाला. ते गढूळ होते. म्हणजे मोतीबिंदू काढायचा तर काचेच्या कडेला एक छोटे दार पाडावे लागते. त्या दारातून गढूळ भिंग बाहेर काढायचे आणि नवे कृत्रिम भिंग आत बसवायचे. सारा प्रश्न त्या दाराचा आहे. ते पात्याने पाडायचे की लेझरने?

लेझर डोळ्यापर्यंत कसे आले?

ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्या मुळाशी आपल्या देशातला एक माणूस आहे. रंगस्वामी श्रीनिवासन हे १९२९ साली मद्रासमध्ये जन्मले. तिथेच शिकले आणि पुढे अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधक झाले. त्यांच्याकडे अतिनील किरणांचे एक लेझर होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये तिथल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या जेवणातले टर्की पक्ष्याचे उरलेले तुकडे प्रयोगशाळेत नेले आणि त्यांवर तो किरण सोडला. मांस, कूर्चा, हाड यांवर स्वच्छ, सरळ चर पडला. कडा जळाल्या नाहीत, की काळ्या पडल्या नाहीत. त्यांच्याबरोबर जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे सहकारी होते. १९८३ मध्ये डॉ. स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी त्यांच्यासोबत हेच काम डोळ्याच्या काचेवर करून पाहिले. चष्म्याचा नंबर घालवणारे लेसिक ऑपरेशन पुढे यातूनच उभे राहिले. हा किरण काचेत खोल शिरत नाही. वरवरचा अगदी पातळ थर उडवतो आणि काचेला हवा तसा बाक देतो.

काचेच्या आत चीर पाडणारे लेझर मात्र वेगळे. त्याचे नाव फेम्टोसेकंद लेझर. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा आणि त्यातल्या एकाचे आणखी हजार. तो झाला एक फेम्टोसेकंद. अशा काही शे फेम्टोसेकंदांत प्रकाशाचा एकेक ठोका संपतो. इतक्या थोड्या वेळात आजूबाजूला उष्णता पसरायला सवडच मिळत नाही. काचेत ठरवलेल्या खोलीवर प्रत्येक ठोक्याने सूक्ष्म बुडबुडा तयार होतो. बुडबुड्याला बुडबुडा लागला की चीर तयार. टपालाच्या तिकिटांना भोके पाडलेली असतात आणि तिकीट त्या रेषेवर सुटते, तसेच हे.

इतके छोटे आणि तरीही जोरदार ठोके तयार करण्याची युक्ती जेरार्ड मुरू आणि डोना स्ट्रिकलँड यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याबद्दल त्यांना २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून असा किरण गेला. तपासणाऱ्या डॉ. रॉन कर्ट्झ यांना जखम नवलाची वाटली, इतकी ती नेटकी होती. त्या अपघातातून ते आणि टिबोर युहास या हंगेरीच्या शास्त्रज्ञाने डोळ्यासाठी हे यंत्र घडवले. मोतीबिंदूसाठी ते माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा २००८ मध्ये बुडापेस्टला डॉ. झोल्टान नागी यांनी वापरले.

मग मोतीबिंदूला लेझर हवेच का?

लेझरची चीर अचूक असते, यात वाद नाही. तिची लांबी, खोली, कोन सगळे यंत्रात आधी ठरवता येते. पण चीर अचूक झाली म्हणून ऑपरेशननंतर दृष्टी अधिक चांगली येते का? हा प्रश्न तज्ज्ञांनीच विचारला. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत सुमारे ९०० रुग्णांवर तुलना झाली. काहींना लेझर, काहींना नेहमीची पद्धत. तिचा निष्कर्ष २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. लेझरने अधिक फायदा झाला नाही, खर्च मात्र अधिक झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांतल्या ७८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही दृष्टी दोन्हीकडे सारखीच आली.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे ज्याला लोक 'लेझरचे ऑपरेशन' म्हणतात, ते बहुतेक वेळा लेझर नसतेच. ते फेको असते. फेकोत ध्वनीच्या कंपनांनी भिंगाचे तुकडे करून शोषून घेतात. चार्ल्स केलमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६७ मध्ये ही पद्धत आणली. दाताच्या डॉक्टरकडे दात साफ करणारे कंप पावणारे हत्यार पाहून त्यांना ती सुचली. फेकोची चीर दोन-अडीच मिलिमीटरची असते आणि ती बहुधा पात्यानेच पाडतात. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत आणखी एक पद्धत आहे. तिच्यात सहा-सात मिलिमीटरची तिरकी वाट पांढऱ्या भागातून काढतात. ती आपोआप मिटते, टाके सहसा लागत नाहीत. खर्च कमी आणि पिकलेल्या मोतीबिंदूलाही ती चांगली. पाते हे नाव ऐकून भिऊ नये. डोळा बधिर केलेला असतो आणि ते पाते म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली विळी नव्हे.

उलट भिण्यासारखे आहे ते थांबणे. मोतीबिंदू फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढतो, डोळा दुखून लाल होतो आणि गेलेली दृष्टी मग कोणतेही लेझर परत आणू शकत नाही. १९७६ पासून देशात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचे ऑपरेशन भिंगासह विनामूल्य होते. ती कुणाची मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

लेझर खरोखर कुठे लागते?

मोतीबिंदू काढल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी कधी कधी पुन्हा धूसर दिसू लागते. मोतीबिंदू परत आला असे लोक समजतात. तसे नसते. भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते. ती याग नावाच्या लेझरने काही मिनिटांत उघडतात. काचेवर चीर पडत नाही. मधुमेहाने मागच्या पडद्यावर इजा झाली असेल तर तिथेही लेझरचा उपयोग असतो.

तरुण मुलामुलींचा प्रश्न चष्म्याच्या नंबराचा. पोलीस, सैन्य, जहाजावरची नोकरी यांसाठी नंबर घालवावासा वाटतो. इथे काचेवरची लेझरची चीर खरी कामाची. पण घाई नको. वय १८ पूर्ण हवे, नंबर वर्षभर स्थिर हवा आणि काचेची जाडी व आकार मोजलेला हवा. काही मुलांची काच मधून पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते. अशा डोळ्याला लेसिक केले तर दृष्टी आणखी बिघडते. अशा मुलांनी डोळे चोळणेही सोडावे. भरतीच्या जाहिरातीत लेझर चालते की नाही, हे आधी वाचावे. ऑपरेशनचे कागद जन्मभर जपावेत. पुढे म्हातारपणी मोतीबिंदू झाला तर भिंगाचा नंबर काढायला ते लागतात. आणि चाळिशीत वाचायचा चष्मा लेसिकनंतरही लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

खाणीवर काम करणाऱ्या बांधवांना एक विनंती. चिऱ्याची कपची डोळ्यात गेली तर पदराच्या टोकाने वा काडीने काढू नका. त्याने काचेवर व्रण पडतो. मोठा व्रण घालवायला दुसऱ्याने मरणोत्तर दिलेली काचच बसवावी लागते. लेझर तिची कड अचूक कापू शकेल, काच निर्माण करू शकणार नाही. साधा संरक्षक चष्मा त्यापेक्षा किती स्वस्त!

आता त्या घरी परत येऊ. आम्ही मुलाला हे सगळे सांगितले. त्याचा एकच प्रश्न होता, "म्हणजे फुकटातलं केलं तर आईला कमी दिसेल, असं नाही ना?" तो प्रश्न आमच्या मनातून अजून जात नाही. गरिबाला आपल्या माणसासाठी कमी काही घेतले, याची बोच असते. आणि बाजार नेमका तिथेच हात घालतो.

हात बरा झाल्यावर मायलेक मालवणहून कट्टा, कसाल करीत एस.टी.ने ओरोसला गेली. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. दोन्ही पात्यानेच. त्यानंतर ठरलेले थेंब, डोळ्यात पाणी नाही, चुलीचा धूर नाही. डोळा लाल झाला, दुखला वा दिसणे कमी झाले तर त्याच दिवशी परत यायचे, हे डॉक्टरांनी बजावले होते आणि सुनेने ते कसोशीने पाळले.

परवा आम्ही गेलो तेव्हा म्हातारी खळ्यात तांदूळ निवडीत बसली होती. आम्हाला पाहून म्हणाली, "तुमचे केस इतके पिकले कधी?"

आमच्या वाचकांच्या घरी कुणी लेझरसाठी थांबले असेल, तर त्याला थांबवून ठेवू नका. डॉक्टरांना सरळ विचारा : माझ्या डोळ्याला लेझर लागतेच का आणि लागत असेल तर कशासाठी? उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.