हिरवळीचे यंत्र श्रावणात पारखावे

शेतकऱ्याच्या घरी गवत कापायला यंत्र कशाला, विळा आहे की, असे आमचे काही वाचक म्हणतील. पण गुडघे धरलेल्या माणसाने उकिडवे बसून दाट हरळी कापीत राहावे, हे आम्हांस पटत नाही. घरापुढे हिरवळ राखायचीच असेल तर मागून चालत ढकलायचे यंत्र जरूर घ्यावे. मात्र ते दुकानाच्या फरशीवर फिरवून पसंत करू नये.

इंदूरची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती पायाला चिकटते. मे महिन्यातली हरळी कोणतेही यंत्र कापील. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टात असते. चार दिवस झड लागली, कापणी राहिली, की गवत गादीसारखे दाट होते आणि खाली जमीन ओली. त्या दिवशी चालेल तेच यंत्र आपले. जड यंत्राची चाके तेव्हा रुततात, म्हणून वजन स्वतः उचलून पाहावे. मागची चाके रुंद असलेली बरी.

बेलनासारखी पाती फिरणारे यंत्र सर्वांत जुने. 1830 साली इंग्लंडात एडविन बडिंग याने कापडावरचे तंतू छाटण्याच्या यंत्रावरून ते बनविले. ते कात्रीसारखे स्वच्छ कापते, विजेचा वा तेलाचा खर्च नाही. सपाट, आखूड आणि आठवड्यातून दोनदा कापली जाणारी हिरवळ असेल तर तेच घ्यावे. वाढलेल्या दाट हरळीत मात्र गवत त्याच्यापुढे नुसते लवते. अशा हिरवळीला आडवे पाते गरगर फिरणारे यंत्रच हवे. त्याच्या पात्याला धार नसेल तर गवताचे शेंडे फाटून पिवळे पडतात, एवढे ध्यानात ठेवावे.

आता शक्ती कशाची? लांब वायरचे विजेचे यंत्र ओल्या गवतात आम्हांला मुळीच नको. ओले अंगण, वायर आणि फिरते पाते एकत्र आणण्यात काय शहाणपण? बॅटरीचे यंत्र लहान अंगणाला उत्तम. पण दुकानदार जो वेळ सांगतो तो कोरड्या, विरळ गवताचा समजावा. दाट ओल्या गवतात बॅटरी लवकर उतरते. अंगण मोठे असेल तर पेट्रोलचे घ्या. तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा: या इंजिनाला किती इथेनॉल चालते? 2025 पासून आपल्याकडे पंपावर सर्वसाधारणपणे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि लहान इंजिनांच्या पुस्तिकांत पुष्कळदा 10 टक्क्यांपर्यंतचीच मुभा असते. थंडीत हरळी सुस्तावते, यंत्र पडून राहते. टाकीत पेट्रोल तसेच ठेवले तर इथेनॉल ओलावा ओढते, कार्बोरेटर तुंबतो, आणि होळीनंतर दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. हंगाम संपताच टाकी रिकामी करावी.

कापण्याची उंची सहज बदलता येते की नाही, हेही पाहावे. एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक गवत छाटू नये. पावसाळ्यात दोन इंच राखले तरी शोभा जात नाही. चपला घालून यंत्र चालवू नये. आधी खडे वेचावे, मुले दूर ठेवावी. अडकलेले गवत काढण्यापूर्वी प्लगची वायर किंवा बॅटरी काढलीच पाहिजे. आजवर किती बोटे या एका घाईपायी गेली असतील!

मागे पिशवी असलेले यंत्र थोडे महाग पडते, पण शेतकऱ्याने तेच घ्यावे. पिशवीत दडपून गरम झालेले गवत गुरांपुढे टाकू नये, पोट फुगते. ते खताला वापरावे. आल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात आपल्या इंदुरातच काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते पालटून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. ती जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. नुसते ओले गवत रचले तर चिकट गोळा होऊन दुर्गंधी सुटते; त्यात सोयाबीनचे कुटार किंवा वाळका पाला सढळ मिसळावा. तणनाशक मारलेल्या हिरवळीचे गवत मात्र भाजीच्या वाफ्यात जाणाऱ्या खतात घालू नये.