पाचच भरा!
सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर म्हणजे वेस्टर्न सिनेमातल्या काऊबॉयच्या कमरेला असते ती गन. दर गोळीला अंगठ्याने घोडा ओढायचा, मगच चाप! अमेरिकेत वीकेंडला रेंजवर जाणारे या १८७३ च्या कोल्ट स्टाइलवर अजूनही फिदा आहेत. गन हातात आली की लगेच नटवणं सुरू. अक्रोडाच्या लाकडाची मूठ? खुशाल बसवा. घोड्याची स्प्रिंग मात्र फार हलकी केलीत तर टोला कमी पडतो आणि बार फुसका.

पण बॉस, जुनी गन घेताय? मग नटवण्याआधी आत बघा. जुन्या रचनेत घोडा थेट भरलेल्या गोळीवर टेकतो. गन हातातून पडून घोड्यावर आपटली, तर गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरांत पाचच गोळ्या, घोडा रिकाम्या घरावर. रुगरने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार आणला. चाप ओढल्याशिवाय टोला पिनपर्यंत पोचतच नाही. जुन्या रुगरमध्ये कंपनी तो फुकट बसवते, काढलेले मूळ पार्टही परत देते. तरी काही शौकीन नको म्हणतात, ‘ओरिजिनल’पणा जातो म्हणे! गंमत म्हणजे, १९८७ मध्ये स्थापन झालेल्या सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या मॅचमध्ये नव्या गनमध्येसुद्धा पाचच भरायच्या.