घर आणि सुरक्षितता : निखारे आणि बंद खिडकी



मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की भिलाईच्या घराघरांतून सायंकाळीच दारे-खिडक्या लागू लागतात. इकडे जिला सिगडी म्हणतात ती कोळशाची शेगडी अंगणात पेटविली जाते, आणि धूर ओसरून निखारे लाल झाले की आत आणली जाते. आपल्या मराठी कुटुंबांत बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची रीतही जुनी आहे. धूर गेला म्हणजे धोका गेला, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही.

कोळशाला जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जखडतो, आणि शरीर प्राणवायूला मुकते. प्रथम डोके जड होते, मळमळते, चक्कर येते. मग गुंगी चढते. झोपलेल्या माणसास तर यांतील काहीच कळत नाही.

हा वायू भिलाईला अपरिचित नाही. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचा मोठा अंश असतो. १२ जून २०१४ रोजी याच कारखान्यात पाण्याचा दाब घटल्यामुळे हा वायू पंपगृहात शिरला आणि सहा जणांचा बळी गेला. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. ज्यांचे आयुष्य या भट्ट्यांच्या सान्निध्यात गेले, त्यांनाही त्याची चाहूल लागली नाही. मग घरच्या शेगडीपाशी केवळ आपल्या नाकावर विसंबून कसे चालेल?

स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट निराळी आहे. त्यालाही मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर यावे. विजेचे बटण लावू नये, तसेच चालू असलेला दिवा मालवूही नये; ठिणगी दोन्ही वेळी उडू शकते. मदतीसाठी बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रबरी नळी मानक चिन्हाचीच घ्यावी व मुदत संपताच बदलावी. मात्र गॅस जळत असताना हवा अपुरी पडली, तर त्यापासूनही तोच बिनवासाचा वायू उत्पन्न होतो. म्हणून खोली उबदार करण्यासाठी गॅसची चूल पेटती ठेवू नये, आणि गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवू नये.

आता शेगडीविषयी. निजण्याच्या खोलीत ती मुळीच नसावी. खिडकी किंचित उघडी आहे, एवढ्यावर रात्रभर निर्धास्त राहू नये. बाळंतिणीस शेक द्यावयाचा असेल, तर शेगडी बाहेर ठेवून कापड तापवून आणावे, अथवा गरम पाण्याची रबरी पिशवी वापरावी. घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर तो थंडीचा विकार न समजता सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे व डॉक्टरांना गाठावे. कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी दारे सताड उघडावीत, नंतर त्यास बाहेर काढावे. घाईने आत शिरून तेथेच थांबणारा मदतनीसही बळी पडतो.

थंडी सोसवत नाही म्हणणाऱ्या आजींशी वाद घालण्याचे कारण नाही. त्यांना एक गोधडी जास्त द्यावी, आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवावी. एवढे काम घरातील एकाने रोज आपल्याकडे घ्यावे.